मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

नगरपरिषदेच्या कोणत्याही सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात घ्या. पहिला विषय ठरलेला असतो: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. शेवटचाही ठरलेला: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. या दोन ओळींच्या मध्ये अख्खं गाव असतं. जलशुद्धीकरण केंद्राला वर्षभर लागणारी तुरटी आणि ब्लिचिंग पावडर कोणत्या दराने घ्यायची, घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ द्यायची का, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, मंडईतल्या गाळ्यांचं भाडं, मोकाट कुत्री, स्मशानभूमीतले दिवे, निवृत्त सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे कामावर घेणं. प्रत्येक विषयाखाली पुढे एक ठराव लिहिला जातो, त्याला एक सूचक, एक अनुमोदक, आणि शेवटी दोन शब्द: सर्वानुमते मंजूर.

हे कागद रटाळ आहेत, मान्य. पण लहान शहराचा कारभार खरोखर याच कागदांत चालतो, आणि आपण नागरिकांनी तिकडे पूर्ण पाठ फिरवली आहे. निवडणुकीच्या महिन्यात गावात जेवढी चर्चा होते, तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही पुढच्या पाच वर्षांतल्या सभांबद्दल होत नाही. नगराध्यक्ष कोण झाला हे पोराटोरांना माहीत असतं. परवाच्या सभेत काय ठरलं हे विचारा, चांगली शिकलीसवरलेली माणसं गप्प होतात. त्यांत काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही होते.

आमच्या आळीत बिडाची जुनी जलवाहिनी होती. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं. ती बदलण्याचं काम मंजूर झालं आहे असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, आणि ते खरंही होतं. आठ महिन्यांनी खोदाई सुरू झाली ती दोन गल्ल्या पलीकडे, नव्याने पडलेल्या प्लॉटांच्या बाजूला. चौकशी केली, तेव्हा एकाने इतिवृत्ताची प्रत दाखवली. आयत्या वेळच्या विषयांत एक ओळ होती: 'सदर कामात अंशतः बदल करणेस मान्यता देण्यात येत आहे.' कोणत्या कामात, कसला बदल, का, यांपैकी एकही शब्द नाही. सर्वानुमते मंजूर. त्यात आमच्या प्रभागाच्या नगरसेविकाही आल्या. मी त्यांना भेटले. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, विषय वाचला गेला तेव्हा मी तिथेच बसले होते. पण तो आपल्या आळीचा आहे हे मला कळलंच नाही."

त्यानंतर मी सभेला जायला लागले. सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. पहिल्या दिवशी दाराशी उभी होते तर एक जुने लिपिक जवळ आले. "बाई, तुमचं काही काम अडलंय का?" मी म्हटलं, "नाही, सभा ऐकायला आलेय." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग आतून एक खुर्ची आणून भिंतीला लावली. त्या दिवशी अडतीस विषय होते आणि सभा तासाभरात संपली. त्यातला निम्मा वेळ एका कमानीला कुणाचं नाव द्यायचं यावर गेला. पाण्याच्या विषयाला दोन मिनिटंही मिळाली नाहीत.

ठरावाच्या एका ओळीत किती ताकद असते, हे महाराष्ट्राने एका लहान गावातच पाहिलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. तळ्याकडे जाण्याची हिंमत कुणाला होणार नाही अशीच गावाची घडण होती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या मागे माणुसकीचा हक्क तर होताच, पण गावच्या नगरपालिकेने रीतसर केलेला एक ठरावही होता. विरोधकांना त्या कागदाची किंमत बरोबर कळली होती. म्हणूनच 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेत तो ठराव रद्द करवून घेण्यात आला. पुढे तळ्याच्या हक्काचा दावा चालला तो 1937 साली उच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत.

महाडची गोष्ट आपण सत्याग्रहाची म्हणून सांगतो, आणि तशीच ती सांगितली पाहिजे. पण तिच्यात नगरपालिकेच्या कारभाराचाही एक धडा आहे. एका छोट्या गावच्या सभागृहात हात वर झाले आणि कागदावर माणसं माणसांत आली. पुन्हा हात वर झाले आणि तीच माणसं कागदावरून पुसली गेली. ठराव करणं सोपं होतं, तो अमलात आणायला माणसांना तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. आणि ठरावावर पाळत ठेवणारे फक्त विरोधकच असतील तर तो किती दिवस टिकतो, तेही तिथेच दिसलं. लोकांच्या बाजूने अशी पाळत ठेवणारेही आपल्याकडे होऊन गेले. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायला त्यांनी विरोध केला, तो या समजुतीतून: पालिकेचा पैसा लोकांचा आहे, आणि त्याचा हिशेब सभेतच विचारायचा असतो.

आज हा हिशेब विचारण्याची जागा नागरिकाला आहे का? इथे आपल्या कायद्यातली एक विचित्र विसंगती दिसते. पाचशे वस्तीच्या खेड्याला ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा खेडोपाडी पाठ आहेत. शेतमजूर बाई उभी राहून सरपंचाला विचारू शकते की विहिरीच्या कामाचे पैसे कुठे गेले. पुष्कळ ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात, काही फक्त सह्यांपुरत्या होतात, हे मला ठाऊक आहे. तरीही विचारण्याचा हक्क आहे, आणि ज्या गावांनी तो वापरला त्या गावांचे रस्ते, पाणी आणि दारूबंदी त्याची साक्ष देतात.

आता तेच गाव वाढलं. 2014 साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत महाराष्ट्रातली अनेक मोठी खेडी कागदोपत्री शहरं झाली. फटाके वाजले. मुख्याधिकारी आले, सतरा नगरसेवक आले, नगररचनेचे नियम आले, घरपट्टीची नवी आकारणी आली. एक गोष्ट गेली आणि तिच्यासाठी कुणी हळहळलंही नाही. ग्रामसभा गेली. तिच्या जागी काहीही आलं नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनेत स्थान दिलं, बाराव्या अनुसूचीत 18 कामं त्यांच्या नावे लिहिली, पण प्रभाग समित्यांची सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच. आपल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती त्या आकड्याच्या पुष्कळ खाली आहेत. महाराष्ट्राने 2009 साली नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची, म्हणजे मतदारांच्या स्थानिक सभेची, तरतूद केली खरी, पण तुमच्या गावात क्षेत्रसभेची दवंडी कधी ऐकलीत का? मी नाही ऐकली.

म्हणजे पंधरा हजार वस्तीच्या शहरातल्या नागरिकाला प्रत्यक्षात पाचशे वस्तीच्या खेड्यातल्या नागरिकाइतकाही बोलण्याचा अधिकार नाही. त्याला पाच वर्षांतून एकदा बोट पुढे करायचं आणि मग गॅलरीत बसून ऐकायचं, तेही गॅलरी असेल तर. शहर होणं म्हणजे आवाज गमावणं असेल, तर हा सौदा लोकांना विचारून झालेला नाही.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं. नगरसेवक आहेत ना? प्रभागातला माणूस रोज चहाच्या टपरीवर भेटतो, त्याला सांगा. सांगतोच आम्ही. गटार तुंबलं, दिवा गेला, व्हॉल्व्हमनने पाणी अर्धा तास आधीच बंद केलं, अशा तक्रारी त्याच्याकडेच जातात, आणि बरेच नगरसेवक त्या धावपळ करून सोडवतातही. मी त्यांना नावं ठेवणार नाही. रात्री अकरा वाजता फोन उचलणारा दुसरा लोकप्रतिनिधी या देशात नाही. पण तक्रार सोडवणं आणि निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या नळाला आज पाणी आलं, ही मेहरबानी झाली. कोणत्या आळीला किती वाजता, किती वेळ पाणी मिळेल याचं वेळापत्रक सभेत ठरलं आणि फलकावर लागलं, तर तो माझा हक्क झाला. आपल्या लहान शहरांचा सगळा कारभार मेहरबानीच्या खात्यावर चालतो आणि हक्काचं खातं रिकामं असतं.

याचं एक कारण पैशात आहे. 1999 साली नगरपरिषद क्षेत्रातली जकात बंद झाली. जकात नाक्यांवरच्या गैरप्रकारांबद्दल कुणालाच प्रेम नव्हतं, व्यापाऱ्यांची सुटका झाली, हे ठीकच झालं. पण रोज संध्याकाळी गावच्या तिजोरीत पडणारा गावचा पैसाही थांबला. त्याबदल्यात राज्याकडून सहायक अनुदान सुरू झालं. तेव्हापासून पगाराची तारीख मुंबईहून येणाऱ्या रकमेवर अवलंबून राहू लागली. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आलेल्या निधीतला 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता याच कामांवर खर्चायचा. बाकीचा मोठा पैसा नगरोत्थान, अमृत, वैशिष्ट्यपूर्ण कामं अशा शीर्षांखाली येतो, आणि तो आणायचा असेल तर आमदारांच्या, मंत्र्यांच्या दारी जावं लागतं. ज्याने निधी आणला त्याची पाटी लागते. मग नगराध्यक्षाची खुर्ची गावाकडे तोंड करून बसण्याऐवजी मंत्रालयाकडे तोंड करून बसते.

राहिली घरपट्टी आणि पाणीपट्टी. हे दोनच कर असे आहेत की ज्यांत नागरिक आणि नगरपरिषद थेट समोरासमोर येतात. दर चार वर्षांनी आकारणीची फेरतपासणी व्हायची असते. प्रत्यक्षात निवडणूक जवळ आली की ती पुढे ढकलण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि मग एकदम वाढ आली की मोर्चा निघतो. मार्च महिन्यात वसुली पथकं फिरतात, थकबाकीदारांच्या नावाचे फलक लागतात, कुठे दारासमोर ढोल वाजवले जातात. मला ते पाहवत नाही. थकबाकी बुडवणाऱ्याची कड मी घेत नाही. पण ज्या नागरिकाला वर्षभरात अंदाजपत्रकाचं एक पानही दाखवलं नाही, त्याच्या दारात हिशेबासाठी ढोल कोणत्या तोंडाने वाजवायचा? नगरपरिषदेने आधी हिशेब द्यावा, मग कर मागावा.

गेल्या काही वर्षांत तर सभागृहच बंद होतं. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटना स्पष्ट सांगते. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभाग रचनेतले वारंवार बदल आणि त्यावरचे दावे यांत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 च्या अखेरीस आणि 2022 च्या आरंभी संपूनही निवडणुका झाल्या नाहीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर डिसेंबर 2025 मध्ये 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींसाठी मतदान झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकांची होती. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. टिपणी ठेवणारे तेच, त्यावर प्रशासकीय ठराव करणारे तेच, अंमल करणारेही तेच. त्यांतले काही अतिशय प्रामाणिक आणि कष्टाळू होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण एकाच माणसाने सूचक, अनुमोदक आणि सभागृह व्हायचं, ही व्यवस्था प्रामाणिक माणसालाही एकटं पाडते.

या काळात मी एक वाक्य फार वेळा ऐकलं: "काय अडलं? उलट बरं चाललंय. भांडणं नाहीत, रस्ते होताहेत." हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नव्हती. ती सभागृहातल्या आरड्याओरड्याला, टक्केवारीच्या चर्चेला विटलेली होती. त्यांचा वैताग मला समजतो. पण रस्ता कोणता आधी झाला? कुणाच्या दारात झाला आणि कुणाच्या दारात राहिला? भटक्यांच्या वस्तीत दिवे लागले का? प्रशासकाच्या काळात हे प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, म्हणून शांतता होती. भांडण होतं तिथे निदान दोन बाजू असतात. इतिवृत्तात विरोधी मत नोंदवलं गेलेलं असतं, पुढे कुणीतरी ते वाचून न्यायालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. बेकायदा किंवा लोकांना अपाय करणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. तो वापरायला भाग पाडणारी तक्रार बहुधा अशा एखाद्या अल्पमतातल्या नगरसेवकाकडूनच येते.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांमधून, यावर आपण गेली पंचवीस वर्षं किती शाई खर्च केली पाहा. 2001 मध्ये थेट, 2006 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2016 मध्ये थेट, 2020 मध्ये नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. 2016 पासून तर सरकार बदललं की पद्धत बदलली. या सगळ्या उलटापालटीत एकदाही कुणी विचारलं नाही की निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून नागरिकाचं काय. खुर्चीवर बसायची वाट पाचदा बदलली. समोर उभं राहणाऱ्याला जागा मात्र एकदाही मिळाली नाही.

आणि ज्या लहान शहरांचं नाव आपण कौतुकाने घेतो, ती कशामुळे मोठी झाली? कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. दर महिन्याला मीटर वाचायचं, जास्त वापर तर जास्त दर, गळती दिसली की दुरुस्ती. वेंगुर्ल्याने कचऱ्याचं घरातच वर्गीकरण लावून धरलं आणि कचरा डेपोची जागा माणसं पाहायला येतील अशी केली. यांत चमत्कार कुठलाच नाही. रोजचं काम रोज करणं, त्याची नोंद ठेवणं आणि घरोघरच्या माणसाला त्यात ओढणं, एवढंच आहे. अशा ठिकाणी एखाद्या अधिकाऱ्याचं नाव गाजतं, आणि ते गाजावंच. पण अधिकारी बदलून जातो. बायकांनी ओला-सुका वेगळा ठेवायची सवय सोडली की तिसऱ्या महिन्यात डेपो पुन्हा धुमसायला लागतो. ती सवय टिकवायची असेल तर त्या बायकांना, घंटागाडीच्या वेळेपासून ते ठेक्याच्या अटींपर्यंत, बोलायला जागा हवी.

नगरसेविकांचाही विचार मला सारखा छळतो. 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी गेल्या काही निवडणुकांत निवडून आल्या. वर्गात हात वर करून प्रश्न विचारणाऱ्या मुली होत्या त्या. सभागृहात त्यांची विषयपत्रिका आधी नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर पक्षाच्या गटनेत्याच्या हाती जाते. विषय कळायलाच उशीर होतो. नियमाची, अंदाजपत्रकाची, मोजमाप पुस्तिकेची भाषा त्यांना कुणी शिकवलेली नसते. 'सदर कामात अंशतः बदल करणेस' या शब्दांत आपली आळी लपलेली आहे, हे कळायला सोप्या मराठीतली विषयपत्रिका लागते. ती लिहिणं अवघड नाही. 'अमुक आळीतली जलवाहिनी बदलण्याऐवजी तमुक भागात नवी टाकणे' असं लिहिलं असतं, तर त्या दिवशी आमच्या नगरसेविका गप्प बसल्या नसत्या.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक नगरपंचायतीत आणि नगरपरिषदेत प्रभागवार नागरिकसभा कायद्याने बंधनकारक व्हावी, वर्षातून निदान दोनदा, त्यातली एक अंदाजपत्रकाआधी. विषयपत्रिका सभेपूर्वी फलकावर आणि लोकांच्या मोबाइलवर यावी, कामाचं ठिकाण, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव त्यात स्पष्ट असावं. इतिवृत्त कायम झालं की आठवड्याच्या आत प्रसिद्ध व्हावं. आयत्या वेळच्या विषयांत खर्चाचा कोणताही विषय घेऊ नये. अशाने कामं रखडतील, असं अधिकारी म्हणतील. काही रखडतीलही. आमच्या आळीची जलवाहिनी तर एका ओळीत झपाट्याने मार्गी लागली होती, फक्त ती आमच्या आळीत आली नाही.

कायदा बदलायची वाट पाहू नका, असंही मला सांगायचं आहे. नव्या सभागृहांच्या सभा सुरू झाल्या आहेत. अधिनियमाप्रमाणे दोन महिन्यांतून एकदा तरी सर्वसाधारण सभा व्हायची असते. पुढची कधी आहे ते नगरपरिषदेत जाऊन विचारा, विषयपत्रिकेची प्रत मागा. दिली नाही तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा. शेजारच्या दोघांना बरोबर घ्या आणि सभा पूर्ण संपेपर्यंत बसा. प्रशासकांचा काळ सोडला तर मी आमच्या गावच्या सभेला तीन वर्षं जाते आहे. त्या भिंतीजवळ आता आठ खुर्च्या असतात, आणि मागच्या वेळी दोघांना उभं राहावं लागलं.